ओल्या वाळूतली बाटली

काच साफ झाली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, पाण्याने कळतं. नळी तिरपी धरायची आणि वरून पाणी सोडायचं. पाणी एका पदरासारखं खाली उतरलं तर साफ. मध्येच थेंब अडकून राहिले तर तिथे काहीतरी चिकटलंय, मग भले ती आरशासारखी चमकत असो. परत धुवा. मी हेच काम केलं, नोकरी लागली तेव्हापासून रिटायर होईपर्यंत. इंदूरच्या एका सायन्स कॉलेजात, लॅबमध्ये. कागदावर हुद्दा काहीतरी वेगळा होता. सगळे मला मावशी म्हणायचे, आणि हिंदीवाले मौसीजी.

अंकवाल्या मुली घरी आल्या. म्हणाल्या, मावशी, तुम्ही एवढी वर्षं शास्त्रज्ञांबरोबर काम केलं, तर दिवाळी अंकासाठी लिहा. मी म्हटलं, बाई, मी चौथीपर्यंत शिकलेली, मला लिहायचं काय जमतंय? मी बोलते, तुम्ही लिहून घ्या. तर हे बोललेलं आहे. आणि दिवाळीचं गोड काही निघेल असं समजू नका.

नोकरी लागली तेव्हा मध्यप्रदेश नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरचे लोक अजून रुसलेले होते. आमचे हे मिलमध्ये होते. छातीत कापूस बसला, खोकून खोकून गेले. घरात मी, माझी मुलगी शकू आणि सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. सासरे संस्थानच्या फौजेत होते, त्यांची एक तलवार भिंतीवर लटकलेली. पार गंजलेली, पण दसऱ्याला तिची पूजा व्हायची. घर चालवायला तलवार कामाची नव्हती. मग मी बाहेर पडले.

पहिल्या दिवशी लॅबमध्ये रामरतन भियाने मला हौद दाखवला. हा तिथला जुना माणूस, सांवेरकडचा, बोलायला तिखट. इंदूरकडे भाईला भिया म्हणतात. म्हणाला, "मौसीजी, ये जो नारंगी पानी है ना, इससे दूर रहना. तेजाब है. कपडा खा जाता है, चमडी भी खा जाता है, बस काच नहीं खाता."

म्हटलं, "आणि काच कोण घालणार त्यात?"

"वो तो आपही डालोगे."

तर असं. त्या तेजाबात नळ्या बुडवून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी काढायच्या, नळाखाली धुवायच्या, मग भट्टीत काढलेल्या शुद्ध पाण्याने धुवायच्या, मग गरम कपाटात वाळवायच्या. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. तेव्हा हातमोजे साहेबलोकांना होते.

लॅबचे सर म्हणजे बापटसर. उज्जैनचे, बारीक, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ते अंड्याच्या पांढऱ्यावर काम करायचे. कॉलेजातले अर्धे लोक अंड्याला हात लावत नव्हते. चपराशाने तर सरळ सांगितलं, "साब, नौकरी ले लो, अंडा नहीं उठाऊँगा." आम्ही फौजी मराठे, घरी मटण व्हायचं, मला काय? अंडी मीच आणायची, मीच फोडायची. पांढरं सरांना, पिवळं कॉलेजच्या मांजरांना. त्या मांजरांइतकी जाडी मांजरं मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत.

सर काय करायचे ते आधी सांगते. नाहीतर पुढचं समजणार नाही.

अंड्याच्या पांढऱ्यात एक प्रथिन असतं. ते जंतूंना फोडतं. सर एका नळीत जंतूंचं गढूळ पाणी घ्यायचे, दह्याच्या निवळीसारखं. त्यात त्या प्रथिनाचे दोन थेंब टाकले की बघता बघता पाणी साफ. मला ते फार आवडायचं, कारण साफ करणं हे माझंच काम होतं ना. मग सर ते प्रथिन तापवायचे. नाहीतर त्यात यूरिया घालायचे, तोच यूरिया जो शेतात घालतात, फक्त आणखी शुद्ध केलेला. आता ते थेंब टाकले तर पाणी गढूळच्या गढूळ. प्रथिन तिथेच आहे, कमी झालेलं नाही, पण काम करेना.

एक दिवस मी विचारलं, "सर, ते मेलं का?"

सर म्हणाले, "मेलं नाही मावशी. उसवलं. प्रथिन म्हणजे लांब माळ. मणी तऱ्हेतऱ्हेचे. काही मण्यांना पाणी आवडतं, काही तेलासारखे पाण्यापासून पळतात. पळणारे आत शिरून बसतात, बाकीचे बाहेर. अशी ती माळ आपली आपण घडी घालून बसते. कोणी बसवत नाही तिला. घडी बसली तरच काम करते. तापवलं की घडी मोडते."

"मग मोडली की मोडली?"

सर हसले. प्रथिन पातळ करून तापवलेली नळी त्यांनी बर्फात ठेवली. चहा पिऊन आलो. ते थेंब गढूळ पाण्यात टाकले आणि पाणी साफ झालं. माझ्या डोळ्यांसमोर. परत घडी बसली होती.

रामरतन भिया मागे उभा होता. म्हणाला, "तो साब, उबला हुआ अंडा बर्फ में रखूँ तो कच्चा हो जायेगा?"

"नहीं होगा," सर म्हणाले. "अंड्यात दाटी आहे. सगळ्या माळा एकाच वेळी उसवतात आणि एकीत एक अडकतात. गुंता होतो. तो सुटत नाही. मी थोडंसं प्रथिन भरपूर पाण्यात घेतलं. प्रत्येक माळ एकेकटी. अडकायला शेजारी कोणी नाही, म्हणून परत बसली."

मी घरी जाऊन हे सगळं सांगितलं. दाटीचंही सांगितलं. पण गोष्टीतला मजेचा भाग लोक लक्षात ठेवतात. तापवलं, गार केलं, परत कामाला लागलं, हा मजेचा भाग होता. दाटीचा भाग रुक्ष होता.

शकू तेव्हा दहा-अकराची असेल. तिला सारखी तहान लागायची, खाऊन खाऊन वाळत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेचा रोग आहे, रोज सुई द्यावी लागेल, जन्मभर. त्या वेळी अर्ध्या लोकांना हे खोटंच वाटायचं. म्हणायचे, साखरेचा रोग तर शेठ लोकांना होतो.

मी सुई द्यायला शिकले. काचेची पिचकारी सकाळी उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासायची. काच उकळणं मला नवीन नव्हतं. साखर किती आहे ते घरीच बघायचं. नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर थोडी साखर. पिवळं झालं तर जास्ती. आणि विटेसारखं लाल झालं तर पळा.

सुईचं औषध दुधासारखं असायचं. बाटली तळहातावर फिरवून मग घ्यायचं. ते गार ठेवावं लागायचं. आमच्या घरात कुठला फ्रिज? लॅबमध्ये होता, पण लॅब उघडायची दहाला आणि सुई सकाळी सातला. म्हणून सरांनी उपाय सांगितला. मातीच्या लहान मडक्यात वाळू भरायची, वाळू ओली ठेवायची, त्यात बाटली खुपसायची. आमच्या घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे पिण्याच्या माठाची घडवंची. जाड भिंतीकडेची, ऊन कधी न पोचणारी. मडकं तिथे माठाशेजारी ठेवलं.

आत्याबाईंना ते खपेना. त्यांना शेजारच्या कंपाउंडरने सांगितलं होतं की हे औषध गाईच्या पोटातल्या गाठीतून काढतात. खरंच काढायचे तेव्हा. गाईच्या नाहीतर डुकराच्या.

"सूनबाई, पोरीला टोचतेस ते टोच. पोरीचा जीव आहे, देव समजून घेईल. पण पाण्याच्या माठाशेजारी गाय ठेवायची? बाजूला देव आहेत गं."

"दुसरीकडे गार नाही, आत्याबाई."

"ते मला दिसतंय. म्हणून तर गप्प आहे."

आणि खरंच गप्प राहिल्या. इतकंच नाही, रोज वाळूवर पाणी शिंपडायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. बाटलीला हात लावायच्या नाहीत, लांबूनच शिंपडायच्या, तुळशीला घालावं तसं.

त्याच वर्षी सरांनी एक खेळ काढला. प्रथिनाची घडी कशी बसते हे नळीत दिसत नाही, म्हणून ती वाट मांडून बघायची होती. मुंबईला म्हणे गणिताचं यंत्र आलं होतं, आमच्या नशिबात कुठलं? सरांनी सुताराकडून भोकाभोकांची एक मोठी पाटी करून घेतली. म्हणाले, मावशी, एक माळ ओवून पाहिजे. काळे मणी म्हणजे पाण्याला भिणारे, पांढरे म्हणजे पाण्यात रमणारे. मी म्हटलं, आमच्या आत्याबाई ओवतील. त्यांचं मण्यांचं काम सगळ्या गल्लीत प्रसिद्ध. लग्नाच्या रुखवतात त्यांनी केलेला मण्यांचा मोर असला की लोक वाकून बघायचे. राजवाड्यामागच्या दुकानांतून मणी आणले आणि आत्याबाईंनी माळ ओवली, प्रत्येक मण्याखाली भोकात बसेल अशी लहान खुंटी.

खेळ असा. फासा टाकायचा. फासा सांगेल तो मणी शेजारच्या भोकात सरकवायचा. काळ्याला काळा चिकटला तर बसू द्यायचा. चिकटलेला सुटायचा असेल तर परत फासा टाकायचा, सहा पडला तरच सुटतो. हे झालं थंडीत. सर म्हणायचे, आता ऊन वाढवू. म्हणजे चार, पाच, सहा, कशावरही सुटणार. उन्हात माळ कधी बसायचीच नाही, नुसती वळवळायची. मग ऊन उतरवायचं, आणि हळूहळू काळे सगळे आत, पांढरे बाहेर, माळ घडी घालून बसली.

दुपारी काम आटपलं की फासे मी टाकायची, मणी सर सरकवायचे. सर वेडे झाले होते त्या खेळापायी. सुट्टी लागली तेव्हा मला म्हणाले, पाटी घरी न्या, सासूबाईंना दाखवा, एखादी खुंटी ढिली झाली असेल तर बघतील.

घरी शकूने पाटीचा कब्जा घेतला. आजी आणि नात, दिवसभर तेच. काळ्या मण्यांना शकू भित्रे म्हणायची.

"आजी, भित्र्याला सहा पडला, सोड त्याला."

"नाही सोडायची. आत्ता कुठे चिकटला बिचारा."

"चीटिंग नहीं चलेगी भिया!"

"आजीला भिया म्हणते! लाज नाही?"

"बरं, ऊन उतरवू. आता बघ, परत बसते की नाही."

आणि बसायची. दरवेळी. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने ओवलेली माळ, स्वतःच्या डोळ्यांसमोर, उन्हात विस्कटायची आणि गारव्यात परत बसायची. पाटीवर माळ एकच होती.

मग आखातीज आली. म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याचा घडा भरतात. नवा घडा, वर आंबा, पूजा, नैवेद्य. वैशाखातलं ऊन, गेलेल्या माणसांना तहान लागते, अशी समजूत. लेकी माहेरी येतात. माझी नणंद सुमनताई महूला दिलेली, ती मुलाबाळांना घेऊन आली होती. घर भरलं. चूल सकाळपासून पेटलेली, पुरण शिजतंय, सांडगे तळले जातायत, आमरस चालू. शकूला आम्ही आमरस देत नव्हतो. ती मुकाट्याने भाकरी खात होती, पण डोळे वाटीकडे.

आखातीज झाली आणि तिसऱ्या दिवशी निळं औषध पिवळं झालं. पुढच्या दिवशी लाल.

सुमनताई म्हणाली, "वहिनी, रस खाल्ला असेल चोरून. पोरच आहे."

शकू म्हणाली, "नाही खाल्ला आत्या. आईची शप्पथ."

डॉक्टरांनी औषध वाढवायला सांगितलं. वाढवलं. लालच. बाटली मी स्वतः बघत होते. पण ते औषध दुधासारखं, काचेला आतून नेहमीच पांढरा थर धरायचं, मला वेगळं काही दिसलं नाही. सर उज्जैनला गेलेले, लॅबला कुलूप. शकू पाणी मागायची, पाणी पिऊन उलटी करायची. मग तिच्या श्वासाला सडक्या फळासारखा वास यायला लागला. एका सकाळी ती हाकेला ओ देईना. रामरतन भियाने टांगा आणला आणि आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "सुई कब से बंद है?"

"एक दिन भी बंद नहीं की, साब."

"बाई, झूठ मत बोलो. इसको इन्सुलिन मिला ही नहीं है."

सुमनताई तिथेच उभी होती. तिने ते ऐकलं.

त्यांनी त्यांची सुई दिली, सलाईन लावलं. मी दुकानातून सुईच्या औषधाची एक नवी बाटली आणून ठेवली, बरी झाली की लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी शकू गेली. जागी झालीच नाही.

रडायचं ते रडून झालं. त्याचं सांगण्यासारखं काही नाही. ज्यांचं गेलंय त्यांना माहीत आहे. पण तेराव्याला माणसं जमली, आणि मला ऐकू यावं अशा आवाजात बोलणं चाललं होतं. "सकाळी हिला नोकरीची घाई." "दवाखान्यात डॉक्टर स्वतः बोलले, सुई मिळालीच नाही." सुमनताई म्हणाली, "वहिनीला कंटाळा आला असेल, जन्मभराचं काम ते." आत्याबाई कोपऱ्यात बसलेल्या. भिंतीकडे तोंड.

मी एक दिवस सुई चुकवली नव्हती. मला हे माहीत होतं, पण बाटलीत काय झालं ते माहीत नव्हतं. वाटायचं, दुकानदाराने जुनं औषध दिलं असेल. त्याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील.

कॉलेज उघडलं तशी मी दोन्ही बाटल्या घेऊन गेले. संपत आलेली ती, आणि नवी. सरांनी नुसता डोळ्यांवरून हात फिरवला. मी म्हटलं, "सर, रडायला नाही आले. यात काय झालंय ते बघून द्या."

त्यांनी दोन नळ्या घेतल्या, मीच धुतलेल्या. एकीत नव्या बाटलीतलं दूध, दुसरीत जुनीतलं. दोन्हीत पातळ तेजाबाचे थेंब टाकले. नवीतलं दूध विरघळलं, पाण्यासारखं साफ झालं. जुनीतलं गढूळच राहिलं, त्यात बारीक बारीक तंतू तरंगत होते, फाटलेल्या दुधासारखे.

सर बराच वेळ नळी उजेडात धरून बघत राहिले. एक क्षण असा आला की ते त्यांच्या कामात शिरले, डोळे चमकले, नळी फिरवून फिरवून बघायला लागले. मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी नळी खाली ठेवली. त्यांनाच लाज वाटली.

"हे तापलंय मावशी. चांगलंच तापलंय. कुठे ठेवलं होतं?"

"ओल्या वाळूत. तुम्ही सांगितलं तसं."

"वाळूत हे असं नाही होणार. याने विस्तव बघितलाय."

"गार केलं तर परत बसत नाही का, सर? तुम्ही केलं होतं तसं."

"मी थोडंसं घेतलं होतं, भरपूर पाण्यात. या बाटलीत दाटी आहे. एकदा गुंतलं की..."

मी दुपारी ती बाटली धुतली. नुसत्या पाण्याने थर निघेना. थेंब अडकून राहायचे. मग तेजाबात टाकली. दुसऱ्या दिवशी काढली, पाण्याखाली धरली. पाणी सरळ उतरलं. ती पदराला बांधून घरी आणली. का आणली ते विचारू नका. एवढी साफ काच टाकवत नव्हती.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी बाटली घडवंचीवर ठेवली. त्यांनी बघितलं.

"धुतलीस?"

"हो."

बराच वेळ तांदळाचा आवाज येत राहिला.

मग त्या म्हणाल्या, "आखातीजेला मी हलवली होती. घडवंचीवर पितरांचा घडा ठेवायचा होता. तुझा नवरा पाणी प्यायला येणार, तुझे सासरे येणार, त्यांच्या पाण्याला गाय चिकटवून कशी ठेवू? म्हटलं, एवढी तिथी होऊ दे. फडक्यात धरून उचलली आणि चुलीवरच्या फळीवर ठेवली, अग्नीजवळ विटाळ राहत नाही म्हणून. सकाळी तू सुई दिलीस ना, त्यानंतर. मग सुमन आली, पोरं आली, चूल काही विझली नाही. ध्यानातच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तुझ्या आधी उठले, हात लावला तर चटका बसला."

"मग?"

"मग गार पाण्यात बुडवून ठेवली. चांगली गार झाली तशी वाळूत खुपसली." तांदळातला हात थांबला. "तूच सांगितलं होतंस ना गं, गार झालं की परत बसते? पाटीवर पण बसायची. मी आणि शकूने किती वेळा बसवली."

मी उठले. भाकऱ्या राहिल्या होत्या, त्या करायला घेतल्या. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मीही म्हटलं नाही, जेवा म्हणून.

माणसं विचारतात, तुम्हाला राग आला नाही? आला. खूप आला. पण तो घेऊन जाणार कुठे? घरात आम्ही दोघीच उरलो होतो. एक म्हातारी आणि एक विधवा, एका चुलीवर. दोघींपैकी एकीने बोलणं बंद केलं असतं तर त्या घरात आवाजच राहिला नसता.

सुमनताईला मी सांगू शकले असते. सरांनी तर विचारलंही, लिहून देऊ का, की औषध तापल्यामुळे झालं, तुमचा दोष नाही? मी म्हटलं, नको सर. लिहून दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तापवलं कोणी. ती म्हातारी आधीच अर्धी झाली होती. तर महूपर्यंत सगळ्या नातलगांत मीच ती राहिले, सुईचा कंटाळा केलेली. लग्नाकार्यात बायका आपली पोरं माझ्या मांडीवर देताना जरा थांबायच्या. सवय होते. तेजाबाची झाली, तशी याचीही झाली.

सर पुढे एकदा म्हणाले, "मावशी, पाटीवर आता एकापेक्षा जास्त माळा ठेवून बघायला पाहिजे. गुंता कसा होतो ते. सासूबाई आणखी ओवून देतील?" मी सांगितलं, त्यांचे डोळे गेले. डोळे चांगले होते. सरांनी मग राजवाड्याकडच्या पटव्याकडून माळा ओवून घेतल्या. त्याच्या गाठी ढिल्या असायच्या. फासे मीच टाकायची. दोन माळा ठेवल्या की उन्हात एकीत एक शिरायच्या, आणि ऊन उतरवलं तरी तशाच. सर लिहून घ्यायचे. मी फासे टाकत राहायची. काम होतं.

वर्ष फिरलं. परत आखातीज आली. सुमनताई आली, पोरं आली. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आत्याबाईंनी नवा घडा आणला, धुतला, भरला. त्याच्यावर आंबा ठेवला. घडा उचलून घडवंचीपाशी गेल्या.

घडवंचीवर माठ होता, आणि माठाशेजारी ते वाळूचं मडकं. मी ते कधीच उचलायला पाहिजे होतं, पण उचललं नव्हतं. आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की वाळू ओली आहे. वर्षभर ती ओलीच होती. मी सकाळी कामाला गेले की आत्याबाई शिंपडत असणार. वाळूत ती रिकामी, धुतलेली बाटली मानेपर्यंत खुपसलेली. तीही मी नव्हती खुपसली.

आत्याबाई घडा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हातारे हात, भरलेला घडा. मग वाकल्या आणि तो खाली, जमिनीवर ठेवला.

सुमनताई ओरडलीच. "आई! पितरांचं पाणी खाली? वर ठेव ना. ते मडकं काढ तिथलं."

आत्याबाई म्हणाल्या, "नाही काढायचं."

"अगं पण त्यात गाईचं..."

"मागच्या वर्षी मी काढलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. सुमनताईकडे बघून, सगळी पोरं ऐकत असताना. "त्यातलं औषध पेटत्या चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं मी. तुझ्या वहिनीने एक सुई चुकवली नाही. आता ते मडकं नाही हलायचं. त्यांना तहान लागली तर वाकून पितील."